आधी माणसे मोजा, मग पाणी मोजा!

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाची बैठक झाली. पडद्यावर स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडवर निळा नळ, त्यातून पडणारा एक थेंब आणि खाली घोषवाक्य : 'आपले पाणी बजेट, आपली जबाबदारी'. योजना अशी की प्रत्येक नळाला स्मार्ट मीटर बसणार. रीडिंग घ्यायला माणूस येणार नाही, ते आपोआप ऑफिसात पोहोचणार. प्रत्येक कनेक्शनला महिन्याचे पंधरा हजार लिटर ठरवून मिळणार. त्याच्या आत राहिलात तर साधा दर, ओलांडलेत तर पुढच्या प्रत्येक टप्प्याला चढता दर. बजेट संपत आले की मोबाइलवर मेसेज येणार. अधिकारी तरुण होता, अदबीने बोलत होता आणि पाणी वाचले पाहिजे हे मनापासून सांगत होता. त्याच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही.

शेवटी त्याने "काही प्रश्न?" असे विचारले, तेव्हा मागच्या सतरंजीवरून एक मावशी उठल्या. "साहेब, आमच्या नळावर माणसं किती धरली?"

अधिकारी म्हणाला, "मावशी, एक कनेक्शन म्हणजे एक कुटुंब."

मावशींच्या नळावर चार चुली आहेत. त्या स्वतः, दोन दीर आणि मागच्या खोलीतले भाडेकरू. माणसे एकोणीस. नळ त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ऑफिसात नोंदवलेला मोबाइल नंबर कधीचा बंद पडलेला आहे. मेसेज कोणाला जाणार, हा प्रश्न नंतर. आधी हिशोब करू. पंधरा हजार लिटरला तीस दिवसांनी आणि एकोणीस माणसांनी भागा. माणशी रोज सव्वीस लिटर येतात. आता रस्त्यापलीकडच्या सोसायटीत तीन माणसांच्या फ्लॅटला तेच पंधरा हजार लिटर लावा. माणशी रोज एकशे सहासष्ट लिटर येतात.

कागदावर दोघांचे बजेट सारखे आहे. प्रत्यक्षात एकाच्या वाट्याला दुसऱ्याच्या सहापट पाणी आहे. वर गंमत अशी की मावशींचे घर 'जास्त पाणी वापरणारे' म्हणून चढत्या दराच्या टप्प्यात जाणार आणि एकशे साठ लिटर वापरणारा 'जबाबदार ग्राहक' ठरणार. या एका हिशोबावर आमचे सगळे म्हणणे उभे आहे. जे बजेट माणसे मोजत नाही ते पाणी वाचवत नाही. ते गरिबाच्या हंड्यातून काढून श्रीमंताच्या टाकीत टाकते, आणि त्याला पाणीबचत असे नाव देते.

मीटरला आमचा सरसकट विरोध नाही

हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे 'मीटर हटाव' अशी आरोळी ठोकून मोकळे होण्याची सवय आहे. विजेच्या स्मार्ट मीटरविरुद्ध २०२४ मध्ये महाराष्ट्रभर असंतोष उसळला, त्यातही आपली मुले पुढे होती. तो राग रास्त होता. पण पाण्याच्या बाबतीत मीटर नसणे नेहमी गरिबाच्या फायद्याचे असते असे नाही. जिथे पाणीपट्टी वर्षाला ठोक असते तिथे बागेला पाइप लावणारा बंगला आणि दोन हंडे भरणारी खोली यांच्या वापराची तुलनाच होत नाही. मोजमाप नसले की ज्याचा पाइप जाड, ज्याची मोटर मोठी आणि ज्याची ओळख वरपर्यंत, त्याचे फावते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगाची स्थापना ही त्या काळातली कामे आहेत. नदीचे पाणी मोजावे, साठवावे, नियोजनाने वापरावे या विचाराचे ते खंदे पुरस्कर्ते होते. तेव्हा आंबेडकरी माणसाने मोजमापाला घाबरायचे कारण नाही. आपला प्रश्न एवढाच असला पाहिजे की मोजणारा कोण, मोजायचे कोणाला आणि मोजून झाल्यावर तोटी कोणाची बंद होणार?

विरोधकांचे सर्वात चांगले उदाहरणही मांडतो. सातारा जिल्ह्यात कराडशेजारी मलकापूर आहे. तिथे चोवीस तास पाणी, आपोआप वाचले जाणारे मीटर आणि टप्प्याटप्प्याचे दर ही व्यवस्था दीड दशकापूर्वीच उभी राहिली आणि तिचे देशभर कौतुक झाले. आम्हीही करतो. पण त्यातून धडा काय घ्यायचा? मलकापुरात आधी चोवीस तास पाणी देण्याची तयारी झाली. ज्याच्या नळाला दिवसाला तास-दीड तास पाणी येते, तेही रात्री दोन वाजता, त्याला आधी मीटर आणि पाणी 'पुढच्या टप्प्यात' असे सांगणे म्हणजे जेवण न वाढताच ताटाचे पैसे मागणे आहे.

हे 'पाणी बजेट' आले कुठून?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ऑरेंज काउंटीमध्ये इर्व्हाइन रँच वॉटर डिस्ट्रिक्ट नावाची पाणीपुरवठा संस्था आहे. तिने १९९१ मध्ये, दुष्काळाच्या काळात, ग्राहकनिहाय पाणी बजेटावर आधारलेले दर लागू केले. आजही या पद्धतीचे उदाहरण म्हणून तिचेच नाव घेतले जाते. तिथे घराचे बजेट ठरवताना तीन गोष्टी बघतात : घरात माणसे किती, अंगणातल्या बागेचे क्षेत्रफळ किती आणि त्या काळातले हवामान कसे. माणसे जास्त असतील तर अर्ज करून बजेट वाढवून घेता येते.

यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि एक टाकून देण्यासारखी. शिकण्यासारखी ही की तिथे बजेटाची सुरुवात माणसांच्या संख्येपासून होते. टाकून देण्यासारखी ही की ज्याची हिरवळ मोठी त्याचे बजेट मोठे. म्हणजे जमीन ज्याच्या मालकीची, पाण्यावरचा हक्कही त्याचा मोठा. हे वाक्य आपल्याला ओळखीचे वाटत नाही का? गावात पाटाचे पाणी असेच वाटले गेले. जमीन असलेल्याला पाणी, भूमिहीनाला बांधावरून बघणे.

आमच्या समाजमंदिरात दाखवलेल्या योजनेत मीटर आला, चढता दर आला, मोबाइलचा मेसेज आला. वाटेत गळून पडली ती फक्त माणसांची मोजणी. हा विसराळूपणा आहे असे आम्हाला वाटत नाही. या देशात आमची माणसे मोजायची वेळ आली की व्यवस्थेची आकडेमोड नेहमीच चुकते.

दोन मापे आधीपासूनच आहेत

कुणी म्हणेल, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात शोधता. ठीक आहे, सरकारी कागदच बघू. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर आणि महानगरासाठी १५० लिटर असे माप दिले आहे. त्याच नियमावलीत सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्यासाठी ४० लिटर. मुंबईत वर्षानुवर्षे झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसासाठी त्याच्या किमान तिप्पट असे माप चालत आले. जागतिक आरोग्य संघटना माणसाच्या मूलभूत गरजेसाठी ५० ते १०० लिटर सांगते. म्हणजे वस्तीतल्या माणसाला मूलभूत गरजेपेक्षा कमी पाणी लागते, हे आधीच लिहून ठेवलेले आहे.

आता विचारा, सार्वजनिक नळावर रांगेत उभे कोण असते? २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ४७ टक्के कुटुंबांना घराच्या आवारात पाणी मिळत होते. अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या कुटुंबांत सुमारे २० टक्के होते. नियमावलीत जात कुठेही लिहिलेली नाही. ती लिहायची गरजच पडत नाही. 'सार्वजनिक नळ' एवढे लिहिले की पुरते.

आणि ज्याला कनेक्शनच नाही तो तर 'ग्राहक' या शब्दातच बसत नाही. ग्राहकनिहाय बजेटात त्याचे बजेट शून्य. १९९५ नंतरच्या, मग २००० नंतरच्या झोपड्या अशा तारखा लावून मुंबईत लाखो माणसांना नळ नाकारला गेला. पाणी हक्क समिती या अन्यायाविरुद्ध न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोठा निकाल होता. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की या लोकांना इतरांइतकेच पाणी द्यावे असे बंधन नाही आणि त्यांच्याकडून जास्त दर घेता येईल. कमी पाणी आणि जास्त दर! मुंबई महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला त्यानंतर २०२२ साल उजाडले.

त्याच मुंबईच्या पाणीदराच्या नियमात इमारतींसाठी माणशी १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे दुप्पट, तिप्पट आणि २५० लिटरपुढे चौपट अशी रचना आहे. म्हणजे दर माणशी लावता येतो. कॅलिफोर्नियाला जायचीही गरज नाही. प्रश्न फक्त इच्छेचा आहे.

सोवेटोचा नळ

मोजमाप माणसांना सोडून सुरू झाले की पुढे काय होते, हे बघायचे तर दक्षिण आफ्रिकेकडे बघावे लागेल. वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या काळ्या जनतेची वस्ती म्हणून सोवेटो आपल्या चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. पण वर्णभेद कायद्याने संपल्यानंतर तिथल्या नळाचे काय झाले, ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

जोहान्सबर्ग महापालिकेने २००४ च्या सुमारास सोवेटोच्या फिरी भागात एक योजना आणली. योजनेच्या झुलू नावाचा अर्थच 'पाणी वाचवा' असा होता. महापालिकेची अडचण खोटी नव्हती. वर्णभेदाच्या काळात टाकलेले पाइप गंजले होते, गळती प्रचंड होती, वसुली जवळजवळ नव्हती. उपाय काय केला? घराघरात प्रीपेड मीटर. महिन्याला प्रत्येक प्लॉटला सहा हजार लिटर पाणी मोफत. ते संपले की पैसे भरेपर्यंत नळ आपोआप बंद. नोटीस नाही, सुनावणी नाही, समोर भांडायला माणूसही नाही.

सहा हजार लिटर आले कुठून? एका घरात आठ माणसे, माणशी २५ लिटर, तीस दिवस. पण फिरीत एका प्लॉटवर मुख्य घर आणि मागे भाडेकरूंच्या पत्र्याच्या खोल्या असत. सोळा माणसे धरली तरी माणशी साडेबारा लिटर होतात. इथेही प्लॉट मोजला, माणसे मोजली नाहीत.

लिंडिवे माझिबुको आणि इतर चार रहिवासी न्यायालयात गेले. ३० एप्रिल २००८ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती त्सोका यांनी प्रीपेड मीटरची सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि माणशी रोज ५० लिटर मोफत पाणी देण्याचा आदेश दिला. श्रीमंत गोऱ्या उपनगरांत पाणी उधारीवर, थकबाकी झाली तर आधी नोटीस. काळ्यांच्या वस्तीत मात्र आधी पैसे, मग पाणी. हा भेदभाव आहे, असे त्यांनी ठरवले. अपिलात ५० चे ४२ लिटर झाले. शेवटी ८ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या संविधान न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. रहिवासी हरले. मात्र खटला चालू असतानाच गरीब म्हणून नोंद असलेल्या कुटुंबांचे मोफत पाणी महापालिकेला वाढवावे लागले होते.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. एक, चांगले संविधान असले तरी न्यायालयाच्या भरवशावर नळ सोडता येत नाही. दोन, मीटर जमिनीत बसायच्या आधी लढलो तर हातात काही पडते, बसल्यानंतर फक्त तारखा पडतात.

महाडला ठराव होता, पाणी नव्हते

२० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो, फोटो काढतो आणि परततो. त्या लढ्याचा एक भाग मात्र आपण भाषणात घाईने उरकतो. चवदार तळ्याचा प्रश्न नगरपालिकेचा प्रश्न होता.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपला ठराव करून तळे खुले केले. कागद तयार होता. पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे पाणी पिता आले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह प्रत्यक्ष पाणी घेतले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर काय झाले? परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग दहा वर्षे न्यायालयीन लढाई चालली आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द आले, त्यामागे हा इतिहास आहे. तलावाच्या जागी आज पाइपलाइन आहे, काठाच्या जागी मीटर. आता तळ्यावर कुणी काठी घेऊन उभे राहत नाही. स्लॅब, थकबाकी, कट-ऑफ तारीख आणि कनेक्शनचा पुरावा हे चौघे ते काम गुपचूप करतात.

'फुकट मिळाले की किंमत राहत नाही'

हा टोमणा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपासून नगरसेवकाच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. उत्तर देऊ.

पहिले, वस्तीला पाणी फुकट मिळत नाही. ज्या गल्लीत नळ नाही तिथे वीस लिटरचा कॅन वीस रुपयांना घ्यावा लागतो. म्हणजे हजार लिटरला हजार रुपये. कोणत्या महापालिकेने बंगल्याला हा दर लावला आहे? वर रात्रीची झोप, शाळा बुडवून रांगेत उभी राहिलेली मुलगी आणि पाण्यापायी बुडालेली रोजी वेगळी.

दुसरे, पाण्याची काटकसर आमच्या बायकांना कुणी शिकवायची? तांदूळ धुतलेले पाणी भांड्याला, भांड्याचे मोरीला, मोरीचे संडासाला, असा एका हंड्याचा चार वेळा वापर त्या रोज करतात. याच बाया सकाळी सोसायटीत भांडी घासायला जातात, तेव्हा "नळ बारीक सोड गं" असे त्यांना बजावले जाते. खाली पार्किंगमध्ये त्याच वेळी पाइपने गाडी धुतली जात असते.

तिसरे, गळती. मुंबईला रोज सात तलावांतून चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येते. त्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त गळती आणि चोरीत जातो, अशी चर्चा दर अर्थसंकल्पाच्या वेळी होते. चौथा हिस्सा म्हणजे सुमारे शंभर कोटी लिटर. माणशी १३५ ने भागा. चौऱ्याहत्तर लाख माणसांचे रोजचे पाणी होते. ते वाचवायला मावशींच्या नळाला मीटर कशाला हवा? तो आधी जलवाहिनीला बसवा. आणि हे पाणी येते ते कुठून? भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा. ज्या शहापूर तालुक्याच्या उशाशी ही धरणे आहेत तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. त्यांचे पाणी बजेट कोणत्या स्लाइडवर होते?

चौथे, पैशाचा मुद्दा. पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०१७ मध्ये दोनशे कोटींचे कर्जरोखे काढले. नागपूर शहराचा पाणीपुरवठा २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी कंपनी चालवते. कर्ज आणि करार आले की वसुली आली. वसुली आली की मीटर हा बचतीचा राहत नाही, तो गल्ल्याचा होतो. म्हणून 'पाणी वाचवा' असे कुणी म्हणाले की, वाचलेले पाणी कुठल्या वस्तीला जाणार आणि वाढलेला पैसा कुणाच्या खात्यात, हे विचारलेच पाहिजे.

थोडे आपल्याच लोकांविषयी

नोकरी लागली, फ्लॅट झाला, सोसायटीच्या कमिटीत नाव आले. यात आनंदच आहे, बाबासाहेबांना आपण शिकून पुढे गेलेले हवे होतो. पण त्याच कमिटीच्या बैठकीत "झोपडपट्टीवाले फुकट पाणी वापरतात आणि बिल आम्ही भरतो" असे कुणी बोलले, तर आपला माणूस गप्प बसतो. कधीकधी मानही डोलावतो. ज्या वस्तीतून आपण आलो तिथे आजही आपली आत्या नळावर उभी आहे, हे त्या क्षणी आठवले पाहिजे. १४ एप्रिलला पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स वाटण्यापेक्षा वस्तीतला एक नळ कायदेशीर करून देणे हे जयंतीचे जास्त मोठे काम आहे.

आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचेही चुकते. आम्ही मोर्चे काढतो, पण वॉर्डाच्या अंदाजपत्रकाची प्रत वाचत नाही. पाणीपट्टीच्या दराचा प्रस्ताव स्थायी समितीसमोर कधी आला आणि कधी मंजूर झाला, हे आम्हाला बिल आल्यावर कळते. त्या बैठकीत मावशींनी विचारलेला प्रश्न खरे तर आम्ही विचारायला हवा होता. समाजशास्त्रात एमए करून आम्ही स्लाइड बघत बसलो होतो.

आमच्या मागण्या

एक : बजेट कनेक्शनवर नको, माणसावर हवे. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची, भाडेकरूसह, स्वयंघोषणेने नोंद घ्या. त्यासाठी मालकीचा कागद मागू नका.

दोन : वस्ती आणि इमारत यांना एकच माप. चाळीस-पंचेचाळीस लिटरचे वेगळे माप कायमचे रद्द करा.

तीन : माणशी रोज किमान पन्नास लिटर मोफत आणि ते कोणत्याही थकबाकीसाठी न तोडता. प्रीपेड मीटर आणि आपोआप बंद होणारी तोटी घरगुती नळाला कधीही नको.

चार : मीटरचा क्रम ठरवा. आधी जलवाहिन्या आणि टाक्या, मग हॉटेल, मॉल, बांधकामे, पोहण्याचे तलाव, मग बंगले आणि सोसायट्या. वस्ती सर्वात शेवटी, तीही पुरेसे पाणी सुरू झाल्यावर.

पाच : सफाई कामगारांच्या कुटुंबांना वाढीव बजेट. कॅलिफोर्नियात हिरवळीसाठी जादा पाणी मिळते. शहराची घाण उपसून घरी आलेल्या माणसाला आंघोळीला दोन बादल्या जास्त लागतात, हे आपल्या शहराला मान्य व्हायला हवे.

सहा : कोणत्या भागाला रोज किती पाणी सोडले, याचे मीटर रीडिंग दर महिन्याला मराठीत वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. आमचे रीडिंग तुम्हाला दिसणार असेल तर तुमचेही आम्हाला दिसले पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की मताला समान मूल्य मिळाले तरी माणसाला समान मूल्य मिळालेले नाही. त्याच विचारातून आमची घोषणा आहे : एक माणूस, एक माप.

आता काम. आमच्या वॉर्डात हरकती द्यायला अजून मुदत आहे. गेल्या रविवारी विहारातल्या वंदनेनंतर आम्ही शंभरपानी वह्या वाटल्या. एका नळाला एक पान. वर नळाचा नंबर, खाली त्या नळावर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वय, काम आणि पाणी येण्याची वेळ. तान्हे मूलही लिहायचे, भाडेकरूही लिहायचा. ही पाने हरकत-अर्जाला जोडून वॉर्ड ऑफिसात द्यायची आणि पोच घ्यायची. सोबत माहितीच्या अधिकारात एक अर्ज : आमच्या टाकीत रोज किती पाणी येते आणि त्याच टाकीवरून सोसायट्यांना किती जाते. तुमच्या शहरात अशी योजना अजून आली नसेल तरी वही आजच सुरू करा. ती येणार आहे.

मावशींनी आपले पान स्वतः भरले. एकोणीस नावे लिहून झाल्यावर त्यांनी विसावे नाव लिहिले. धाकट्या सुनेला सातवा महिना आहे. आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "मावशी, बाळ अजून जन्मायचंय." त्या म्हणाल्या, "मुदतीनंतर जन्मलं तर धरतील का?"

आम्ही ते नाव खोडलेले नाही.

जय भीम! जय संविधान!